रोज दोन टन ऊस

सात हजार रुपये. २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, पोरांच्या भाषेत ‘बीजीएमआय’, हा नेमबाजीचा खेळ अँड्रॉइड फोनवर आला, तेव्हा अठरा वर्षांखालच्या खेळाडूने जास्तीत जास्त किती खर्च करावा याची कंपनीने घातलेली मर्यादा ही. महिन्याची नव्हे, दिवसाची. जोडीला दिवसाला तीन तासांचं बंधन आणि पालकांच्या मोबाइलवर जाणारा ओटीपी. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला जाहीर केलेली उसाची एफआरपी, म्हणजे किमान दर, टनाला ३,५५० रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधीचा हा आकडा धरला, तरी वाळवा-कराड पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला रोज दोन टन ऊस बंदुकीच्या रंगरंगोटीवर उडवायची मोकळीक होती. महिन्याचे झाले दोन लाख दहा हजार. आणि ही म्हणे आळा घालणारी तरतूद.

एवढी उंच ठेवलेली मर्यादा पोरांना अडवण्यासाठी नसते, ती दिल्लीला दाखवण्यासाठी असते. मागचा इतिहास पाहिला की हे कळतं. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी होता. कारण दिलं गेलं ते देशाच्या सुरक्षेचं. पोरांच्या अभ्यासाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्यानंतर दहा महिन्यांनी क्राफ्टन या कोरियन कंपनीने तोच खेळ भारतीय नावाने आणला. रक्ताचा रंग बदलला, वेळेचं घड्याळ बसवलं, सात हजारांची पाटी लावली. २८ जुलै २०२२ ला तोही अ‍ॅप स्टोअरमधून गायब झाला. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर परतला, तेव्हा अल्पवयीनांना तीन तास आणि बाकीच्यांना सहा तास असा नियम होता. मधल्या काळात, १४ फेब्रुवारी २०२२ ला, ‘फ्री फायर’ हा तसाच दुसरा खेळ बंदीच्या यादीत गेला. मात्र फ्री फायरच्याच कंपनीचा ‘फ्री फायर मॅक्स’ चालूच राहिला, आणि जुन्या आयडीने त्यात शिरता येत होतं. धाकट्याला घराबाहेर काढलं, थोरला ओसरीवर बसून राहिला.

या सगळ्या ये-जामध्ये ज्याने पैसे भरले त्याचा विचार कुणी केला? पबजी बंद झाला तेव्हा घेतलेले पोशाख, बंदुका, पास अडकून पडले. पुढे बीजीएमआयने जुना डेटा आणायची सोय दिली ती कंपनीच्या मर्जीने. सरकारच्या आदेशात गिऱ्हाइकाच्या पैशाबद्दल अवाक्षर नव्हतं. अशा खेळांच्या अटी वाचल्या तर कळतं की डायमंड, म्हणजे पैसे भरून मिळणारं खेळातलं नाणं, देऊन घेतलेली वस्तू आपल्या मालकीची नसतेच, ती वापरायचा परवाना तेवढा मिळतो. कंपनी तो कधीही काढून घेऊ शकते. सातबारा तिच्या नावावर, आपण फक्त कसायचं.

हा विषय सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून पाहायचं कारण असं की इथे बंदी, नियमावली, नाद आणि पैसा यांच्यावरची चर्चा पारावर चालते आणि ती मुरलेली असते. बैलगाडा शर्यतींसाठी या पट्ट्याने वर्षानुवर्षं कोर्ट पाहिलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला, तेव्हा कुठल्या अटीचा काय अर्थ हे गावागावात तोंडपाठ होतं. विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पांगलेले. वडील परराज्यात, पोरगं गावी आजीजवळ, फोन त्याच्या हातात आणि पैसे यूपीआयवर. माण-खटावकडे पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी भरतीची पोरं संध्याकाळी गेमसाठी स्क्वॉड जमवून बसलेली दिसतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी म्हणून ज्या घरांत पहिला स्मार्टफोन आला, तिथे शाळा सुरू झाल्यावर तो परत थोडाच गेला.

आईबाप म्हणतात, हा सगळा जुगार आहे, बंद करा. पोरं म्हणतात, गेम फुकट आहे, घ्या म्हणून कुणी बळजबरी केलीय? दोन्ही बाजूंना हिशेबाच्या वहीत डोकं घालायचं नाही. मला पोरांचं म्हणणं निम्मं पटतं. जतच्या वस्तीवरचा मुलगा आणि पुण्याच्या कोथरूडमधला मुलगा एकाच मैदानात एकाच नियमाने उतरतात, आणि जतच्याने एक रुपया दिलेला नसतो. क्रिकेटचं किट आणायला गेलं की काय खर्च येतो ते ज्यांनी आणलं त्यांना माहीत आहे. सर्व्हर चालवायला, खेळ नवा ठेवायला पैसा लागतो. बहुतेक खेळाडू कधीच काही विकत घेत नाहीत आणि थोडे घेणारे सगळ्यांचा खर्च उचलतात, ही व्यवस्था मुळात वाईट म्हणता येणार नाही. लग्नाच्या पंगतीत आहेर न देणारेही जेवतातच.

पण फुकट खेळणाऱ्याचं तिथलं काम काय, हे एकदा नीट पाहिलं पाहिजे. पैसे देऊन चमकदार पोशाख घेतला तर तो दाखवायला समोर साधा पोशाखवाला लागतो. पैसे देऊन घेतलेल्या बंदुकीने मारायलाही कुणीतरी लागतो. एका सामन्यात पन्नास किंवा शंभर खेळाडू उतरवायचे तर एवढे पैसेवाले रोज कुठून आणणार? जतचा पोरगा तिथे गर्दी भरून काढतो. तो फुकट खेळतो हे खरं, पण तो कंपनीसाठी फुकट राबतोही.

आता पैसा घेण्याच्या तऱ्हेकडे येऊ. कराडला बहिणीकडे गेलो असताना चौदा वर्षांच्या भाच्याशेजारी बसून मी हे पाहिलं. एका नेमबाजीच्या गेममध्ये ‘इव्हेंट’ चालू होता. गोल चक्र, त्यावर दहा वस्तू, मधोमध झगमगता ‘बंडल’, म्हणजे पायापासून टोपीपर्यंतचा पोशाख. कोपऱ्यात उलटी मोजणी: दोन दिवस, अमुक तास, अमुक मिनिटं. नको असलेल्या दोन वस्तू आधी काढून टाकायची सवलत. त्यामुळे पोराला वाटतं, चक्र आपण सेट केलं. पहिली फेरी नऊ डायमंडची. निघाला एक किरकोळ डबा. दुसरी एकोणीसची. तिसरी एकोणचाळीसची. फेरीगणिक दर चढत जातो आणि शेवटची फेरी पाचशेच्या घरात जाते. निघालेली वस्तू पुन्हा निघत नाही, त्यामुळे शेवटी बंडल मिळणार हे नक्की. फक्त तोवर हजाराहून जास्त डायमंड गेलेले असतात. रुपयांत हे साडेआठशे-नऊशेच्या आसपास.

“मग सरळ ‘बंडल नऊशे रुपये’ अशी पाटी का लावत नाहीत?” मी विचारलं.

“मामा, नऊशेला कोण घेणारंय?” भाचा म्हणाला. “नऊला समदी घेत्यात.”

अख्ख्या धंद्याचं गमक त्याने दोन वाक्यांत सांगितलं. आणि तरीही पुढची फेरी फिरवण्यासाठी त्याचं बोट शिवशिवत होतं. माहीत असण्याने फारसा फरक पडत नाही. शिवाय डायमंड शंभराच्या, तीनशेच्या गठ्ठ्यात मिळतात आणि वस्तूंचे दर एकोणीस, एकोणसत्तर असे. त्यामुळे खात्यात नेहमी थोडे उरतात आणि ते वाया जायला नको म्हणून आणखी थोडे टाकावेसे वाटतात. टॉप-अपसाठी, म्हणजे डायमंड भरायला, आईच्या फोनचं यूपीआय लागतं असंही नाही. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानात रोख दिले की रिडीम कोड मिळतो. घरी पासबुकात त्याचा माग राहत नाही.

आमच्या लहानपणी किराणा दुकानात चिठ्ठ्यांचा पुठ्ठा टांगलेला असायचा. दहा पैसे द्यायचे, चिठ्ठी ओढायची, नंबर निघेल ती वस्तू: फुगा, शिट्टी, प्लॅस्टिकचं घड्याळ. तोही जुगारच, आणि दुकानदार त्यात कमवायचाच. पण पुठ्ठा डोळ्यांसमोर असायचा. चिठ्ठ्या किती उरल्या आणि घड्याळ अजून लटकतंय की गेलं हे शेंबडं पोरही सांगायचं, आणि घड्याळ गेलं की उरलेल्या चिठ्ठ्यांना कुणी हात लावत नसे. दुकानदाराला त्या चिठ्ठ्यांवर पाणी सोडावं लागे. मोबाइलमधल्या पुठ्ठ्यावरचं घड्याळ संपतच नाही. गुगल आणि अ‍ॅपल दोघांच्याही नियमांप्रमाणे अशा सोडतीत काय निघण्याची शक्यता किती हे विकत घेण्याआधी सांगावं लागतं. सांगतातही, प्रश्नचिन्हाच्या एका बारक्या बटणामागे, इंग्रजीत, दशांश चिन्हासह.

पोशाखापर्यंत गोष्ट राहिली असती तर हौस म्हणून सोडून देता आली असती. बीजीएमआयमध्ये बव्हंशी ती तेवढीच आहे. तुमच्या बंदुकीवर सोन्याचा मुलामा असला म्हणून गोळी जोरात लागत नाही. फ्री फायरमध्ये तसं नाही. तिथल्या कित्येक बंदुकांच्या ‘स्किन’बरोबर गुण येतात: मारा जास्त, गोळ्या सुटायचा वेग जास्त, त्या बदल्यात एखादी गोष्ट थोडी कमी. फरक थोडासाच, पण समोरासमोर दोघांनी एकाच क्षणी चाप ओढला तर तेवढा पुरतो. म्हणजे इथे पैशाने जिंकणं विकत मिळतं. पूर्ण नाही, चार आण्याचं.

आणि यावर पोरांनी स्वतःचा तोडगा काढला आहे, तो मला सगळ्या कायद्यांहून शहाणा वाटतो. दोन गटांत खुन्नस झाली, खरं-खोटं करायचं ठरलं, की ‘कस्टम रूम’ उघडतात. त्या खोलीचे नियम खेळाडूंनी ठरवायचे असतात. पहिली अट ठरलेली: “गन अ‍ॅट्रिब्यूट ऑफ.” बंदुकीला लागलेले विकतचे गुण बंद. कधी कधी “कॅरेक्टर स्किल ऑफ” सुद्धा. मग उरतो फक्त अंगठा आणि नजर. तिथे हरलेला पोरगा कारणं सांगत नाही. ज्याने हजारो रुपये घातलेत तोही ही अट नाकारत नाही, नाकारली तर ‘टॉप-अपवाला’ म्हणून त्याची टर उडते. न्याय्य काय हे या पोरांना कुणी शिकवायला नको. प्रश्न एवढाच की रोजच्या ‘रँक’ सामन्यात, जिथे वर चढण्यासाठी पोरं रात्र-रात्र ‘पुश’ करतात, तिथे ही अट ठरवायचा हक्क त्यांच्याकडे नाही.

नियम कुणावर घालायचा हा प्रश्न आपल्याकडे कायद्याने एकेकाळी बरोबर बाजूने पकडला होता. पन्नासच्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं वेड होतं. प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचं, हजारोंच्या बक्षिसाची वाट पाहायची. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातली आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी तेव्हाच्या मुंबई राज्यात घरोघर भरली जात. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्याने त्यांवर कर आणि बंधनं आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ एप्रिल १९५७ ला निकाल लागला: जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापारस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा आजही कोर्टात घोळवला जाणारा वाद त्या निकालापासून चालत आला आहे.

मला मात्र त्या निकालापेक्षा १९५५ चा केंद्राचा बक्षीस स्पर्धा कायदा जास्त महत्त्वाचा वाटतो. तो कोडी सोडवणाऱ्याला काही सांगत नाही. तो कोडी चालवणाऱ्याला सांगतो: महिन्याला एकूण बक्षीस हजार रुपयांच्या वर नको, एका स्पर्धेला दोन हजारांहून जास्त प्रवेशिका नकोत, परवाना घ्या, हिशेब ठेवा आणि सादर करा. लगाम विकणाऱ्याच्या तोंडात होता. आजचे सगळे लगाम खेळणाऱ्याच्या तोंडात आहेत: तू तीन तासच खेळ, तू सातच हजार घाल, तू बापाचा ओटीपी आण. आणि वय विचारलं जातं ते ज्याला खोटं सांगायचं आहे त्यालाच.

मुलाच्या बाजूने एक जुना, भक्कम कायदाही आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञानाला, म्हणजे अल्पवयीनाला, करार करता येत नाही. असा करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात सांगितलं. कलकत्त्याच्या एका सावकाराने अल्पवयीन मुलाकडून मालमत्ता गहाण घेतली होती, सावकार हरला. म्हणजे चौदा वर्षांच्या पोराने मारलेला टॉप-अप कायद्याच्या दृष्टीने करारच नव्हे. पण हे सांगायला आटपाडीच्या बापाने कुठे जायचं? खरेदीनंतर ४८ तासांत गुगल प्लेवर परताव्याची मागणी करता येते, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बापाला मात्र पैसे गेल्याचं कळतं ते बँकेतून पैसे काढायला गेल्यावर, आणि तोवर ४८ तास केव्हाच उलटलेले असतात. कायदा आहे, कुलूप आहे, किल्ली दुसऱ्या गावी आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने मात्र दिल्लीची वाट पाहिली नाही. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव, वस्ती जेमतेम तीन हजारांची, बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यातले कामगार. ऑनलाइन शाळेच्या काळात पोरांच्या हाती गेलेला मोबाइल सुटेना, तेव्हा सरपंच विजय मोहिते आणि ग्रामपंचायतीने आधी बायकांची बैठक बोलावली. १४ ऑगस्ट २०२२ च्या गावसभेत निर्णय झाला: रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल, साडेआठला परत वाजेल, मधला दीड तास गावात टीव्ही बंद, मोबाइल बंद. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. मग पंचायतीची माणसं गल्लोगल्ली फिरून सांगू लागली. दोन-तीन महिन्यांत देशभरातले पत्रकार भोंगा ऐकायला आले.

त्यावर टीकाही होऊ शकते. भोंग्यामागे कायदा नाही, कुणी मोबाइल चालू ठेवला तर पंचायत काय करणार? मोठ्या माणसांनी घरात काय बघावं हे गावाने ठरवावं का? हे प्रश्न खरे आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बांशीने अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला, तोही गाजला. पण दोन्हींत फरक आहे. बांशीचा नियम फक्त पोरांसाठी. वडगावचा भोंगा सासूच्या मालिकेला लागतो, बापाच्या व्हॉट्सअ‍ॅपला लागतो आणि पोराच्या स्क्वॉडलाही लागतो. ज्यांनी नियम केला त्यांनाही त्या दीड तासात सुटका नाही. पोरांच्या कस्टम रूमची अट आणि वडगावचा भोंगा मला म्हणूनच एका जातीचे वाटतात. दोन्हीकडे नियम करणारा नियमाच्या आत उभा आहे.

मोठ्यांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकू. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात मोबाइलवर पत्त्यांचा खेळ खेळत असल्याचा आरोप करत आमदार रोहित पवारांनी व्हिडिओ टाकला. आपण खेळत नव्हतो, असं कोकाट्यांचं म्हणणं. काही दिवसांत त्यांचं कृषिखातं गेलं आणि क्रीडाखातं आलं. पोरांना यावर काही बोलायला लावू नये.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ, मग कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. रमीच्या जाहिराती पडद्यावरून उतरल्या, ड्रीम इलेव्हनने पैशांचे सामने थांबवले. कितीतरी घरांनी सुटकेचा श्वास टाकला असेल आणि तो रास्तच आहे. पण भाच्याच्या चक्राचं काय? तिथे खरे पैसे जातात, नशिबावर वस्तू मिळते, फक्त ती परत पैशांत मोडत नाही. कायद्याच्या व्याख्येत पैशाबरोबर ‘इतर लाभ’ही आहेत आणि डावावर लावलेली आभासी नाणीही आहेत, दुसरीकडे वर्गणी किंवा प्रवेश फी घेणाऱ्या ‘सामाजिक खेळां’ना मोकळीक आहे. चक्र यात कुठे बसतं हे वकील ठरवतील, आणि वकिलांना घाई नसते. मला तर ही तफावत उलटी वाटते. रमीत निदान जिंकलं तर घरी काही येण्याची शक्यता होती. चक्रात जिंकलं तरी पैसे गेलेलेच.

बाहेरच्या देशांनी निरनिराळे मार्ग काढले. बेल्जियमने २०१८ मध्ये खेळांतल्या पैशाच्या सोडतींना जुगार ठरवलं. चीनने २०२१ मध्ये मुलांना आठवड्याला तीनच तास दिले, जे आपल्याला झेपणारं नाही आणि झेपावंही असं मला वाटत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’वाल्या एपिक कंपनीशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यातले साडेचोवीस कोटी फसव्या बटणांमुळे झालेल्या खरेदीचा परतावा म्हणून गिऱ्हाइकांसाठी होते. जानेवारी २०२५ मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या कंपनीला दोन कोटी डॉलर भरावे लागले, आणि त्यात एक आक्षेप असा होता की नाण्यांच्या उतरंडीमुळे खरा खर्च मुलांना कळतच नाही. आपल्याकडेही ३० नोव्हेंबर २०२३ पासून ग्राहकांना फसवणाऱ्या १३ युक्त्यांची सरकारी यादी आहे. खोटी घाई त्यात आहे, भुणभुण लावणं आहे. उलट्या मोजणीचं घड्याळ आणि सतत उघडणाऱ्या ऑफरच्या खिडक्या तिच्यात बसवायला फार कल्पनाशक्ती लागत नाही; कुणीतरी तक्रार करून पाहायला हवी.

नव्या कायद्याच्या नियमांचा मसुदा २ ऑक्टोबर २०२५ ला आला आणि हरकती-सूचना ३१ ऑक्टोबरपर्यंत पाठवता येत होत्या. पाठवण्यासाठी मी लिहून काढलं ते असं: प्रत्येक वस्तूवर डायमंडशेजारी रुपयांत किंमत, आणि चक्र असेल तर शेवटच्या फेरीपर्यंतची एकूण किंमत पहिल्या फेरीआधी, शक्यता मराठीत, ‘शंभरातून इतक्या वेळा’ अशा शब्दांत, अठरा वर्षांखालच्या खात्यावर महिन्याची मर्यादा, आणि ती ओलांडून विक्री झाली तर पैसे परत करायची जबाबदारी विकणाऱ्याची, खेळ बंद झाला, मग सरकारने केला असो वा कंपनीने, तर न वापरलेल्या डायमंडचे पैसे खात्यात.

भाच्याला हे वाचून दाखवलं. त्याने आपलं एक कलम घालायला लावलं: रँक मॅचमध्येही अ‍ॅट्रिब्यूट ऑफ. मी म्हटलं, अरे, हे कायद्यात कुठे बसायचं? तो म्हणाला, “मग तुमचं तरी कुठं बसतंय? पाठवा की.”